वरचे दात आधी

पुणे
८ ऑक्टोबर २०२४

मामा, जयभीम.

तीर्थरूप लिहावं की नुसतं मामा, यातच एक कागद फाटला. शेवटी नुसतं मामा ठेवलं. मी मंजुश्री, तुमच्या सुवर्णाची मुलगी. छत्तीस वर्षांची झाले आणि तुम्ही मला अजून पाहिलेलं नाही. फोन केला की मामी उचलतात आणि तुम्ही नेमके शेतात गेलेले असता, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला तोंड नसतं, तेव्हा हे तरी तुम्ही बघाल.

पत्राचं कारण मी नाही, तुमची पुष्पांजली आहे. तिच्या लेकीला दात आले आणि नेमके वरचे दोन आधी आले. सासरी चिखलीला कोणी चकार शब्द काढला नाही, जावई तर हसले. पण संघर्ष, तुमचा मुलगा, त्या पोरीचा सख्खा मामा, दर रविवारी तिला खेळवायला जायचा, तो त्या दिवसापासून गेलेला नाही. कामं आहेत म्हणतो. पुष्पाने फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "बाबा विज्ञानाचे मास्तर. त्यायनं मंजूताईचं तोंड पाह्यलं नाही आजलोक. मंग त्यात काहीतरी असंनच ना." पुष्पा मला हे सांगताना रडत होती. मी रडले नाही, मला सवय आहे.

वरचे दात आधी आले की मूल मामाला जड जातं, या एका समजापायी माझं आजोळ बंद झालं. आई दरवर्षी डोणगावला एकटी जायची आणि येताना माझ्यासाठी मामीच्या हातच्या कुरड्या आणायची. कुरड्या चांगल्या असायच्या, नाही म्हणत नाही.

आता माझं काम सांगते. मी दंतवैद्य नाही. दात मुळात उगवतो कसा, ते आम्ही बघतो. गर्भात जबड्याच्या जागी आधी एक कळी धरते, मोहरीहूनही लहान. तिला वाढायला सांगणारं एक द्रव्य असतं, त्याला वाढीचा घटक म्हणतात. गंमत अशी की तो तयार होतो तेव्हा मुका असतो. पेशी त्याचं गाठोडं बांधून आजूबाजूच्या जाळीत अडकवून ठेवतात. मग एन्झाइम येतं, तुमच्या शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणत. ते गाठ कापतं, घटक मोकळा होतो आणि कळीचा दात व्हायला लागतो. आम्ही उंदराच्या गर्भातली कळी काचेच्या बशीत वाढवतो आणि कधी मुद्दाम औषध घालून ते एन्झाइम अडवतो. मग कळी तशीच बसून राहते. मरत नाही आणि वाढतही नाही.

पुढे दात बाहेर यायचा तर त्याच्या वाटेतलं हाड विरघळावं लागतं, तेही एन्झाइमांचंच काम. बहुतेकांच्या खालच्या जबड्यात वाट आधी होते, काहींच्या वरच्या. एवढंच आहे ते, जबड्यातलं वेळापत्रक. त्यात मामा कुठेच नाही.

माझं जे झालं ते झालं. पण संघर्षला सांगा, त्या पोरीकडे जाऊ दे त्याला. तुमचा एक शब्द पुरेल.

मंजुश्री


डोणगाव
१९ ऑक्टोबर २०२४

चि. मंजुश्री हिस जयभीम आणि मंगलकामना.

पत्र तीन वेळा वाचलं. अक्षर थेट सुवर्णाचं आहे, पाकिटावर पाहून क्षणभर वाटलं तिचंच आलं. ती जाऊन दोन वर्षं झाली हे माहीत असलेल्या माणसाला असं वाटू नये, पण वाटलं.

तुला आजोळ बंद झाल्याचं अर्धंच कोणी सांगितलं असेल, म्हणून लिहितो. तुझे दात आले तेव्हा माझ्या आईने, म्हणजे तुझ्या आजी जनकाबाईने, पितळी परातीत तेल ओतून ठेवलं होतं. मामाने आधी तेलात भाचीचं तोंड बघायचं, मग सरळ बघायचं, म्हणजे दोष जातो म्हणे. मी म्हटलं, मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस आहे, तेलात बघणार नाही, बघीन तर सरळ बघीन. आई म्हणाली, सरळ पाह्यशील तं मी या घरात अन्नाले शिवणार नाही. ती खरंच दोन दिवस जेवली नाही. तुला घेऊन सुवर्णा बुलढाण्याला परत गेली आणि ते तसंच राहिलं. गावात लोक म्हणतात मास्तर भ्याले. म्हणोत.

ती परात अजून स्वयंपाकघरात भिंतीला उलटी टेकवलेली आहे. आई जाऊनही बरीच वर्षं झाली. कोणी तिला हात लावत नाही, तरी अधूनमधून वाजते. तुझी मामी म्हणते उंदीर असतो. मीही उंदीर म्हणूनच ऐकतो.

संघर्षला मी या बाबतीत कधीच काही सांगितलेलं नाही. आता काय सांगू आणि कोणत्या तोंडाने सांगू? तुझी मागणी रास्त आहे, पण ती माझ्याच्याने होणार नाही. कारण विचारू नकोस.

विज्ञानाचं मात्र विचारतो, शिकवून शिकवून खोड लागली आहे. एक, ते गाठोडं आधीपासूनच बांधून ठेवलेलं असतं म्हणतेस. म्हणजे जे व्हायचं ते आतच असतं, फक्त सुटायचं बाकी असतं. मग यात आणि माझ्या आईच्या म्हणण्यात फरक किती? दोन, ती अडवलेली कळी, जी मरत नाही आणि वाढत नाही, ती तशी किती दिवस राहू शकते? तिला तसं ठेवणं हे तिला जपणं झालं की नाही? हे मला नीट कळवावंस.

तुझा मामा
अश्वजित


पुणे
२ नोव्हेंबर २०२४

मामा, जयभीम.

तुमचं पत्र वाचून आधी रागच आला. घरातलं माणूस हाक मारतं आहे आणि तुम्ही शिकवणी लावल्यासारखे प्रश्न विचारता. दोन दिवस उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण प्रश्न चांगले आहेत आणि माझीही खोड तुमच्यासारखीच आहे.

पहिल्याचं उत्तर. गाठोडं आधीपासून असतं हे खरं. पण ते सुटेल की नाही, कधी सुटेल, हे आजूबाजूच्या पेशी काय पाठवतात त्यावर ठरतं. याला मी नशीब म्हणणार नाही, शेजार म्हणीन. आणि सगळं सुटतंच असंही नाही. पुऱ्या वाढलेल्या दातातही तो घटक थोडा बांधलेलाच राहतो, चाळीस-पन्नास वर्षं. एखाद्या दिवशी कीड लागते, गाठ सुटते आणि दात आतून नवी भिंत घालायला लागतो. संघर्षच्या आत तुम्ही असंच एक गाठोडं ठेवून दिलंत. सांगितलं नाहीत म्हणता, पण तो तुम्हाला बघत मोठा झाला. पुष्पाच्या पोरीचे दात दिसले आणि ते सुटलं.

दुसऱ्याचं उत्तर. अडवलेली कळी काही दिवस बरी दिसते. नव्या माणसाला तर ती जपून ठेवलेलीच वाटते. मग ती काळी पडायला लागते, आणि आधी मधोमध पडते. कडेने शेवटपर्यंत ठीक दिसते. तेव्हा नाही मामा, ते जपणं नव्हे.

आता माझं थोडं ऐका. मी हसताना तोंडावर हात घेते. फोटोत तोंड मिटून उभी राहते. आरशासमोर मी कामापुरतीच थांबते, तेही केस बघते, तोंड नाही. दातांवर काम करणाऱ्या बाईचं हे असं, माझ्या हाताखालची मुलं यावरून चेष्टा करतात. दात हा विषय मी का घेतला हे त्यांना माहीत नाही. आईला नेलं त्या दिवशी तुम्ही बुलढाण्याला आलात आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून परत गेलात, हे मला पुष्पाकडून नंतर समजलं. सख्ख्या बहिणीला शेवटचं बघायला आलेला माणूस माझ्यामुळे दारात पाऊल टाकत नाही. त्या रात्रीपासून मला वाटतं, खरंच माझ्यात काही आहे की काय. दिवसा वाटत नाही. दिवसा मी शास्त्रज्ञ असते.

भुतं मानत नाही, पण माझंही एक आहे, सांगून टाकते. नागपूरला शिकत होते तेव्हा जाता-येता मेहकरच्या स्टँडवर गाडी बदलावी लागायची. तिथल्या कॅन्टीनमध्ये बेसिनजवळच्या टेबलावर एक माणूस पाठमोरा बसलेला असायचा. पांढरा शर्ट, पुढ्यात निवलेला चहा. सुट्टी लागून आले की असायचा, सुट्टी संपून निघाले की असायचा. तोंड कधी दिसलं नाही. मैत्रीण म्हणायची, अगं तो तिथला नेहमीचा असेल. पण मी नसताना ती एकटी गेली तेव्हा तो तिला दिसला नव्हता. अजून कधी कधी स्वप्नात ती पाठ येते आणि मी वाट बघते, आता वळेल, आता वळेल.

बघा, आपलं घर कसं आहे. तुमच्याकडे परात वाजते आणि माझ्याकडे पाठ येते. निदान त्या लहानगीच्या वाट्याला असलं काही येऊ देऊ नका.

मंजुश्री


डोणगाव
१५ नोव्हेंबर २०२४

चि. मंजू,

आधी मधोमध काळी पडते, हे वाक्य वाचून मी पत्र मिटून ठेवलं आणि बराच वेळ अंगणात बसलो. तुझी मामी दोनदा येऊन पाहून गेली. मला वाटत होतं मी काहीतरी जपतो आहे. तू म्हणतेस ते तसं नव्हे, आणि हे तू बशीत डोळ्यांनी पाहिलेलं आहेस. तेव्हा वाद संपला.

तू ये. ८ डिसेंबरला रविवार आहे. पुष्पालाही पोरीला घेऊन बोलावतो, संघर्ष घरीच असेल. त्याला तोंडाने सांगून उपयोग नाही, तो मला बघून शिकला आहे तर बघूनच विसरेल. सगळ्यांसमोर मी तुझ्याकडे बघीन. परात नाही, तेल नाही, सरळ. मग तो त्याच्या भाचीकडे जाईल, नाही गेला तर कान धरीन.

सोयाबीन निघालं, तुरी उभ्या आहेत. मामी कुरड्या तळून ठेवणार आहे. मला मध्यंतरी जरा धाप लागत होती, डॉक्टरने गोळ्या बदलून दिल्या, विशेष काही नाही.

हसताना हात घेऊ नकोस तोंडावर. समोरच्या दातांमधली ती फट काही वाईट दिसत नाही.

आणि तुझ्या त्या कॅन्टीनमधल्या भुताचं. त्याने तुला कधी त्रास दिला का? नाही ना? मग भ्यायचं कशाला?

तुझा
मामा


पुणे
२३ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मामा,

येते. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघेन, मेहकरला उतरून पुढची गाडी धरेन, दहाच्या आत डोणगाव. काय नेसायचं हे ठरवण्यात मी दोन संध्याकाळी घालवल्या, हे कोणाला सांगू नका.

एक विचारायचं आहे. माझ्या दातांमध्ये फट आहे हे तुम्हाला कसं माहीत? फोटोत ती दिसत नाही, एकाही फोटोत मी तोंड उघडलेलं नाही. आईने सांगितलं असेल म्हणावं, तर असलं काही ती तुमच्याकडे बोलणार नाही, दातांचा विषय ती डोणगावात काढतच नसे. आल्यावर सांगा.

तुमची
मंजू


डोणगाव
१९ जानेवारी २०२५

चि. मंजूले महामाया मामीचा जयभीम.

मले ह्यायच्यासारखं लिहिता येत नाही, बोलते तसंच लिहून राह्यली. फोनवर सांगवलं नसतं, मधातच रडली असती.

तुह्यं शेवटचं पत्र ह्यायनं वाचलं आणि हसले. म्हणे, पोट्टीनं पकडलं मले. तुले रविवारी सांगणार होते. गुरुवारी सकाळी दाढी करता करता खाली बसले ते बसलेच. पुष्पानं तुले फोन केला, तू निघालीस, मेहकरापर्यंत आलीस, आणि तिथं तुले संघर्षचा फोन आला की ताई येऊ नको, लोकं बोलतीन. तू तिथूनच परत गेलीस. हे मले चार दिवसांनी कळलं. मी संघर्षकडं नुसतं पाह्यलं. तवापासून तो माह्यासमोर बसून जेवला नाही.

आता तुले जे ह्यायनं सांगायचं ते मी सांगते. तुह्ये दात आले त्याच महिन्यात ह्यायले चढावर दम लागाले लागला. डॉक्टरनं तपासलं तं हृदयाची झडप खराब निघाली. मले बाहेर घेऊन म्हणे, दोन-तीन वर्षं धरा. ह्यायनं दारामागून ऐकलं. आईचं उपाशी राहणं, तेल, परात, ते सारं दोन दिवसांचं होतं, ते मोडून हे तुह्याकडं येणारच होते, तुह्यासाठी कपडे बी घेऊन ठेवले होते. डॉक्टरकडून घरी आले आणि मले म्हणाले, "महामाया, मी त्या पोरीले पाह्यलं अन् मेलो, तं लोकं तिले जन्मभर मामाले खाल्लेली म्हणतीन. मी पाह्यलंच नाही तं कोण काय म्हणीन?" मले शपथ घातली, सुवर्णावन्सले बी सांगायचं नाही.

दोन-तीन वर्षं कधीच सरली. गोळ्यांवर माणूस जगत राह्यला. मी दरसाल म्हणायची, आता तरी जा. म्हणे, पुढच्या साली. खरं सांगू मंजू, शेवटी शेवटी ह्यायले बी कळत नव्हतं की हे तुह्यासाठी दूर राह्यतात का आपल्या जिवासाठी. तू रागावू नको. माणूसच तो.

आणि तुह्यं ते भूत. त्या कॅन्टीनात बेसिनवर मोठा आरसा होता, वर मिठाईवाल्याचं नाव रंगवलेला. सुवर्णावन्स फोनवर सहज बोलून जायच्या, मंजी उद्या निघते म्हणून. की दुसऱ्या दिवशी ह्यायचं मेहकरात शाळेचं काम निघे. तुह्याकडं पाठ करून बसायचं आणि आरशात पाह्यचं; म्हणत, पोरगी आरशाकडं कधी पाह्यतच नाही, म्हणून माह्यं तोंड तिले दिसत नाही. तेलात पाह्यणार नाही म्हणून आईशी भांडलेला माणूस पाच वर्षं आरशात पाहून आला. घरी आल्यावर सांगत, आज डोक्याले तेल लावलं नव्हतं पोरीनं, आज मैत्रिणीसंग लय हसली, दातात फट आहे आपल्या आईसारखी. जनकाबाईले तशीच फट होती.

ह्यायच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले, श्रद्धांजली द्यायले, सारं गाव आलं. आपले शेजारी माणिकराव मोठे भले माणूस, पण बसल्या बसल्या म्हणाले, "भाचीचं तोंड पाह्यलं नाही, म्हणून गुरुजी एवढे जगले." चार जणायनं मान डोलावली. मी पाह्यलं, संघर्षनं बी डोलावली. पुष्पा पोरीले घेऊन पार दाराजवळ बसली होती, पोरीचं तोंड पदरानं झाकून.

मंजू, ज्या माणसानं तुले कोणी बोल लावू नये म्हणून छत्तीस वर्षं जीव मारला, त्याच्याच मरणानं हे पक्कं व्हायले आलं होतं. मले ते सहन झालं नाही. मी उठली. भंतेजीच्या परवानगीनं साऱ्यासमोर सांगतलं, आरसा, टेबल, चहा, सारं. म्हटलं, पाच वर्षं पाह्यलं तिले, मोजता येणार नाही इतक्या डाव पाह्यलं, आणि त्याच्यानंतर बी वर्षानुवर्षं जगले. झडप खराब होती, डॉक्टरचे कागद पेटीत आहेत, ज्याले पाह्यचे त्यानं पाह्यावे. माणिकराव खाली पाहू लागले.

मंग मी स्वयंपाकघरात गेली. ती परात भिंतीपासून सरळ केली. मागं उंदराचं बीळ नव्हतं, भिंत सपाट होती. काहून वाजत होती ते मले ठाऊक नाही, मी विचार बी केला नाही. घासली, तिच्यात खीर काढली आणि संघर्षच्या हातात दिली, वाढ म्हटलं. तो साऱ्यायले वाढत दारापर्यंत आला. तिथं पुष्पा. मी पोरीच्या तोंडावरचा पदर काढला. त्याच्या हातात परात, त्याले पळता येईना आणि तोंड फिरवता येईना. परातीतल्या खिरीत पाह्यत उभा राह्यला बिचारा. म्हटलं, त्यात काही दिसत नाही बेटा, वर पाहाय.

त्यानं पाह्यलं. पोट्टी खुदकन हसली, वरचे दोन आणि आता खालचा बी एक फुटला आहे. मी परात घेतली, त्यानं तिले घेतलं, आणि तिनं त्याचं बोट धरून सरळ तोंडात घातलं. बोटावर खूण उमटली. तो रडला तेवढा बापाच्या चितेपाशी बी रडला नव्हता. आता दर रविवारी चिखलीले जातो. तुले फोन करायची हिंमत होत नाही त्याची, म्हणे ताई कशी माफ करीन.

तू ये. कुरड्या तळून ठेवल्या होत्या त्या नरम पडल्या, नव्या तळीन. मेहकरले उतरली तं त्या कॅन्टीनात जाऊन चहा घे, आरसा अजून आहे म्हणतात. त्यात पाहाय आणि हसून पाहाय. मंग पुढची गाडी धर.

या घरात तुह्याकडं पाठ करून बसणारं आता कोणी राह्यलं नाही.

तुही
मामी